जुन्या कोबोलला नवा दुभाषी

३० एप्रिल २०२२ रोजी आयबीएम कंपनीने ‘एंटरप्राइज कोबोल’ या आपल्या कम्पायलरच्या ४.२ या आवृत्तीची सेवा थांबविली. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही बातमी नव्हतीच. २००९ साली आलेली ही आवृत्ती जवळजवळ तेरा वर्षे सेवेत राहिली आणि त्या अवधीत अनेक देशांतील बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांच्या मेनफ्रेम संगणकांवरील असंख्य प्रोग्रॅम तिच्याच हातून घडले. सेवा थांबली म्हणजे काय, तर यापुढे तिच्यात दोष आढळल्यास कंपनी तो दुरुस्त करून देण्यास बांधील नाही. तयार प्रोग्रॅम त्यामुळे बंद पडत नाहीत. व्याज पूर्वीप्रमाणेच आकारले जाते, निवृत्तिवेतन जमा होते, विम्याचे हप्ते वळते होतात. जे बंद पडत नाही त्याकडे वरिष्ठांचे लक्ष जात नाही. त्यामुळेच जुने प्रोग्रॅम नव्या कम्पायलरवर नेण्याचे काम संगणक विभागाच्या यादीत वर्षानुवर्षे तळाशी पडून राहते.

वरकरणी हे काम अगदी यांत्रिक वाटते. प्रोग्रॅमची मूळ संहिता तीच. तिच्यातील एक अक्षरही बदलायचे नाही, फक्त जुन्याऐवजी नव्या कम्पायलरमधून ती पुन्हा काढून घ्यायची. छापखान्यात झिजलेले खिळे बदलावेत आणि मजकूर तोच राहावा, तसे. प्रत्यक्षात संहिता न बदलताही उत्तर बदलू शकते, हा या कामातला खरा धोका आहे. तो कोठून उद्भवतो हे समजल्याशिवाय या कामाला किती पैसा लागेल, किती वेळ द्यावा लागेल आणि चूक झाल्यास जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे चुकतच राहणार.

कोबोल ही भाषा १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाठबळाने भरलेल्या बैठकीतून जन्माला आली आणि तिचा पहिला आराखडा १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. हिशेबनीसालाही वाचता यावी अशी इंग्रजी वाक्यांच्या धर्तीची तिची रचना. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली तेव्हा ग्राहकांना एक आश्वासन मिळाले : या मालिकेतील एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठे यंत्र घेतल्यावर टाकून द्यावा लागणार नाही. हे आश्वासन कंपनीने थक्क व्हावे इतक्या निष्ठेने पाळले. २४ बिटांचे पत्ते ३१ बिटांचे झाले, २००० साली ६४ बिटांचे झाले; तरी चार दशकांपूर्वी यंत्रभाषेत उतरवून ठेवलेला प्रोग्रॅम आजच्या मेनफ्रेमवर सहसा तसाच चालतो. पाच वर्षांपूर्वीचा मोबाइल संच जुनाट ठरविणाऱ्या या व्यवसायात ही गोष्ट अपूर्वच म्हटली पाहिजे. मात्र या निष्ठेमुळेच प्रोग्रॅम पुन्हा कम्पाइल करण्याची गरज बहुतेकांना कधी भासली नाही.

कम्पायलर हा एक दुभाषी आहे. माणसाने लिहिलेली कोबोलची वाक्ये तो यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवितो. आणि कोणत्याही दुभाष्याप्रमाणे काही ठिकाणी त्याला स्वतःच्या सवयीने निर्णय घ्यावे लागतात. मोडी लिपीतील जुने दस्त बाळबोधीत उतरविणाऱ्यांना हा अनुभव परिचयाचा आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. बाळबोधीत लिहिताना मात्र ‘दिन’ की ‘दीन’ हे ठरवावेच लागते. दस्तात जे स्पष्ट नाही ते वाचणारा आपल्या अनुभवाने भरून काढतो. दोन जाणकारांच्या सवयी भिन्न असतील तर एकाच दस्ताचे दोन पाठ निघतात आणि दोघांपैकी कोणी खोटे लिहिलेले नसते.

कोबोलच्या बाबतीत या सवयी एकाएकी बदलल्या त्या २०१३ साली. त्या वर्षी आलेल्या पाचव्या आवृत्तीत आयबीएमने कम्पायलरचा यंत्रभाषा तयार करणारा भागच बदलून टाकला आणि जावा भाषेसाठी विकसित केलेले तंत्र तेथे आणून बसविले. या उलथापालथीमागे सबळ कारण होते. २०१० च्या झेड-१९६ या मेनफ्रेमच्या प्रोसेसरचा वेग ५.२ गिगाहर्ट्झ होता. २०१२ च्या झेडईसी-१२ मध्ये तो ५.५ झाला, २०१५ च्या झेड-१३ मध्ये उलट ५ वर उतरला आणि २०१७ च्या झेड-१४ मध्ये पुन्हा ५.२ वर आला. म्हणजे नुसते नवे यंत्र आणून बसवावे आणि जुने प्रोग्रॅम आपोआप धावू लागावेत, हे दिवस संपले होते. यापुढची गती मिळणार होती ती यंत्रात भरलेल्या नव्या आज्ञांमधून. उदाहरणार्थ, झेड-१४ मध्ये दशमान पद्धतीच्या आकडेमोडीसाठी खास नव्या आज्ञांचा संच देण्यात आला. पंचवीस वर्षांपूर्वी यंत्रभाषेत गोठलेल्या प्रोग्रॅमला या आज्ञांचा पत्ताच नसतो. तो नव्या यंत्रावर चालतो खरा, पण नव्या रुंद रस्त्याच्या कडेने जुन्याच बैलगाडीच्या चाकोरीतून.

मेनफ्रेमच्या जगात गतीला थेट किंमत असते. तेथील बऱ्याच सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क यंत्राच्या वापरावर ठरते आणि तो वापर मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे चार तासांच्या सरकत्या सरासरीचा त्या महिन्यातील उच्चांक. महिनाअखेरीची व्याजआकारणी त्याच चार तासांत येत असेल आणि तिला लागणारा प्रोसेसरचा वेळ कमी झाला, तर बिल कमी होते. त्यामुळे नवा कम्पायलर ही केवळ तंत्रज्ञांची हौस नव्हे. वित्त विभागालाही तिच्यात रस असायला हरकत नाही.

या स्थलांतराच्या प्राथमिक अटी कटकटीच्या असल्या तरी अवघड नाहीत. नव्या कम्पायलरचे तयार प्रोग्रॅम जुन्या प्रकारच्या ग्रंथालयात, म्हणजे ‘पीडीएस’मध्ये ठेवता येत नाहीत, त्यांना ‘पीडीएसई’ हा नवा प्रकार लागतो. कम्पाइल करायला पूर्वीच्या काही पट वेळ लागतो, मेमरीही बरीच जास्त लागते. १९७० च्या दशकातील ‘ओएस/व्हीएस कोबोल’मध्ये घडलेले प्रोग्रॅम पाचव्या आवृत्तीपासून पुढच्या प्रोग्रॅमबरोबर एकाच कामात मिसळून चालविता येत नाहीत, त्यामुळे ते आधी नव्या कोबोलमध्ये आणावे लागतात. ‘एक्झॅमिन’ या जुन्या क्रियापदाच्या जागी ‘इन्स्पेक्ट’ लिहिणे, अशा स्वरूपाच्या या दुरुस्त्या आहेत आणि त्यातील पुष्कळशा साधनांच्या मदतीने उरकता येतात. कोठे काय अडले हे कम्पायलर स्वतःच सांगतो. जे तो सांगत नाही, ते निराळे.

मेनफ्रेमवर आकडे साठविण्याच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक अंकाला एक बाइट दिलेला असतो. या बाइटचे दोन भाग कल्पावेत. उजव्या भागात प्रत्यक्ष अंक असतो आणि डाव्या भागात ‘हा अंक आहे’ असे सांगणारी खूण. दोन शब्दांच्या मध्ये आपण जी रिकामी जागा सोडतो तिलाही संगणकात एक बाइट असतो. आयबीएमच्या सांकेतिक पद्धतीत या बाइटच्या डाव्या भागातील खूण वेगळी आहे, पण उजव्या भागात नेमके शून्य आहे. आता समजा, रकमेच्या पाच अंकी रकान्यात ‘०००४५’ असायला हवे. परंतु फार वर्षांपूर्वी दुसऱ्या कोण्या प्रणालीतून आलेल्या फाइलमध्ये तेथे तीन रिकाम्या जागा आणि पुढे ४५ असे पडले. कोबोलच्या नियमांनुसार हा आकडाच नव्हे. तथापि ठरावीक पर्याय निवडलेला असता जुना कम्पायलर तुलना करण्यापूर्वी प्रत्येक बाइटचा उजवा भाग तेवढा उचलून घेई आणि डावीकडची खूण पाहत नसे. त्यामुळे त्याला रिकाम्या जागेत शून्यच दिसे आणि रक्कम ४५ भरे. पेढीवरचा मुरलेला मुनीम वहीतील कोरा रकाना निमूटपणे शून्य समजतो, तशातलाच हा प्रकार. नवा कम्पायलर वेग साधण्यासाठी काही ठिकाणी बाइटची बाइटशी सरळ तुलना करतो. त्याच्या लेखी रिकामी जागा आणि शून्य या दोन भिन्न वस्तू आहेत. ‘रक्कम ४५ आहे काय?’ या प्रश्नाला जुना दुभाषी ‘होय’ म्हणे. नवा ‘नाही’ म्हणू शकतो. संहितेतील ओळ तीच आहे. प्रोग्रॅम अडखळत नाही, इशारा देत नाही. तो मुकाट्याने दुसऱ्या वाटेला लागतो. त्या वाटेवर एखाद्या खातेदाराची सवलत असेल, एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनातील महागाईची वाढ असेल किंवा एखाद्या कर्जाचा थकीत हप्ता असेल.

दुसरा प्रकार याहून फसवा. समजा, प्रोग्रॅममध्ये शंभर शाखांसाठी एक तक्ता आखलेला आहे आणि कालांतराने एकशे एकावी शाखा उघडली. तक्त्याच्या सीमेची तपासणी करण्याचा पर्याय कम्पायलरमध्ये असतो. पण त्याने प्रोग्रॅम मंदावतो म्हणून तो बहुधा बंद ठेवलेला असतो. एकशे एकाव्या शाखेची रक्कम तक्त्याबाहेरच्या जागेत लिहिली जाते. जुन्या कम्पायलरच्या मांडणीत ती जागा योगायोगाने कोणाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून कोणाला काही कळले नाही. नवा कम्पायलर मेमरीची मांडणी आपल्या पद्धतीने करतो आणि तेथे कदाचित व्याजाचा दर ठेवतो. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला ८० बाइट द्यावेत आणि दुसऱ्याने ते १०० समजून वापरावेत, हाही त्याच जातीचा घोटाळा. अशा चुका शोधण्यासाठी सहाव्या आवृत्तीत तपासणीचे काही नवे पर्याय देण्यात आले आणि त्यांचा उपयोगही होतो. मात्र त्यातले काही प्रोग्रॅम चालू असतानाच दोष पकडतात. म्हणजे दोष असलेल्या वाटेवरून चाचणी गेली तरच तो सापडणार.

या प्रकारांत चूक कोणाची? आयबीएमचे म्हणणे तर्काला धरून आहे : नियमबाह्य माहिती दिल्यावर काय उत्तर यावे, याची हमी कम्पायलरने कधीच दिलेली नव्हती. ग्राहकांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे : तीस वर्षे जे उत्तर येत होते तेच आमच्या दृष्टीने बरोबर. या ओढाताणीत शेवटी कंपनीला माघार घ्यावी लागली. पाचव्या आवृत्तीत तिने जुन्या सवयी सांभाळणारा एक पर्याय काढून टाकला होता. पुढे ‘झोनडेटा’ या नावाने त्याच धर्तीची सोय परत आणावी लागली. ती चालू ठेवली की नवा कम्पायलर रिकाम्या जागांकडे जुन्या नजरेने पाहतो. मात्र त्यासाठी गतीचा काही भाग सोडावा लागतो. म्हणजे वेगासाठी नवा दुभाषी आणायचा आणि त्याला जुन्या दुभाष्यासारखे बोलायला सांगून वेगच कमी करायचा, असा हा व्यवहार. या काळातील अवघडलेपण सेवासमाप्तीच्या तारखांतही उतरले आहे. २०१३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीची सेवा ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तिच्या आधीच्या ४.२ ची त्यानंतर दोन वर्षांनी. धाकटे पाते आधी गळून पडले.

मूळ संहिताच हरवलेली असेल तर काय करावे, हा आणखी एक प्रश्न. कंपन्यांची विलीनीकरणे झाली, कर्मचारी निवृत्त झाले, ग्रंथालये हलविली गेली आणि यंत्रभाषेतला तयार प्रोग्रॅम तेवढा मागे राहिला, असे घडते. अशांसाठी आयबीएमने २०१५ मध्ये ‘ऑटोमॅटिक बायनरी ऑप्टिमायझर’ हे साधन आणले. ते संहितेला हात न लावता तयार प्रोग्रॅमलाच नव्या यंत्राच्या आज्ञा शिकविते. वेगाची सोय त्याने होते. पण ज्या प्रोग्रॅमची संहिता उपलब्ध नाही त्यात उद्या कायद्याने बदल करावा लागला तर तो कोठे करणार, हे उरतेच.

चाचणी हा या सगळ्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. तीच माहिती जुन्या आणि नव्या प्रोग्रॅममधून चालवायची आणि दोघांची उत्तरे बाइट न् बाइट पडताळून पाहायची. महिनाअखेर, वर्षअखेर, २९ फेब्रुवारी, व्याज जमा करण्याचा दिवस, असे आडवळणाचे प्रसंग मुद्दाम निवडायचे. पद्धत उत्तम आहे. परंतु तिच्यात एक छिद्र आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि इतर देशांतील बँकांवरही ग्राहकांच्या माहितीबाबत कडक बंधने आहेत. त्यामुळे चाचणीसाठी ग्राहकांची खरी माहिती सहसा दिली जात नाही. तिच्यावर मुखवटा चढवून, नावे-आकडे बदलून ती दिली जाते किंवा सर्वस्वी कृत्रिम माहिती तयार केली जाते. हे कृत्रिम आकडे एखादे साधन तयार करते आणि ते साधन प्रत्येक रकान्यात नियमानुसार अंकच भरते. तीन रिकाम्या जागा, १९९० च्या दशकातील फाइलमधून आलेला कचरा, कोण्या ऑपरेटरने घाईत चुकीच्या रकान्यात टाकलेले अक्षर, यातले काहीच त्यात नसते. जी घाण नव्या कम्पायलरला चकविणार, ती चाचणीच्या आधीच धुऊन निघालेली असते. शंभर टक्के यशाचा अहवाल तयार होतो, आणि तो खराही असतो. फक्त तो दुसऱ्याच कोणत्या तरी माहितीबद्दल असतो.

येथे या विषयाचा मुंबई-पुण्याशी संबंध येतो. अमेरिका आणि युरोपातील बँका-विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची देखभाल करणारे शेकडो संघ हिंजवडीत, खराडीत, नवी मुंबईत आणि ठाण्यात बसतात. खुद्द भारतीय बँकांचे संगणकीकरण उशिरा झाले आणि त्यांच्या मध्यवर्ती प्रणाली प्रामुख्याने युनिक्स वर्गातील यंत्रांवर उभ्या राहिल्या. त्यामुळे कोबोलचा हा पसारा इथल्या तंत्रज्ञांना परिचित असतो तो परक्या देशातील लोकांच्या हिशेबांतून. या व्यवसायाचा पायाही अशाच कामाने घातला गेला, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील बरोज या कंपनीसाठी केलेले काम भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीतील आरंभीच्या कामांपैकी एक मानले जाते. ते होते रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली बरोजच्या एका यंत्रमालिकेच्या कोबोलमधून दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये नेण्याचे. म्हणजे दुभाषी बदलण्याचेच. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘वायटूके’ची लाट आली, गल्लोगल्ली कोबोलचे वर्ग निघाले आणि त्या वर्गांतून बाहेर पडलेली मुले-मुली थेट न्यू जर्सी आणि लंडनच्या विमानात बसली.

‘वायटूके’ आणि आजचे काम यांत मात्र मोठा फरक आहे. तेव्हा १ जानेवारी २००० ही तारीख सर्वांना ठाऊक होती आणि कंपन्यांची संचालक मंडळे तिला घाबरून पैसा मोकळा सोडीत होती. कम्पायलर बदलण्याला अशी तारीख नाही. सेवा संपल्यानंतरही प्रोग्रॅम चालत राहतात, म्हणून पैसा मिळतो तो तुटपुंजा आणि तोही नगावर. पाच हजार प्रोग्रॅम, प्रत्येकी इतके तास, एकूण ठराविक रक्कम, अशा स्वरूपाचा करार होतो. निव्वळ कम्पाइल करण्याच्या बाबतीत हा हिशेब ठीक आहे. प्रत्यक्षात पाच हजारांपैकी चार हजार आठशे सुरळीत निघून जातील आणि उरलेल्या दोनशेंतील वीस प्रोग्रॅम महिने खातील. पुण्यात बसलेल्या अभियंत्याला ती वीस कोणती हे आधी कळावे तर त्याला खरी माहिती पाहायला मिळाली पाहिजे; आणि ती पाहण्याची त्याला मुभा नाही. ज्याने घाण शोधायची त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि मग नगावर मजुरी ठरवायची, ही या करारांची रीत आहे. यावर मार्ग नाही असे नाही. रकान्यांतील नियमबाह्य नोंदी मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहून तो ग्राहकाच्या देशात, ग्राहकाच्याच कर्मचाऱ्यांकरवी खऱ्या माहितीवर चालविता येतो. त्यातून बाहेर येते ती केवळ संख्या : अमुक फाइलच्या अमुक रकान्यात इतक्या नोंदी आकडा नसलेल्या. कोणाचेही नाव उघड होत नाही. या मोजणीवरून काम नेमके कोठे आहे ते दिसते. परंतु ही मोजणी करारापूर्वी व्हायला हवी आणि तिचा खर्च ग्राहकाने उचलायला हवा. निविदेच्या स्पर्धेत स्वस्त दर लावू पाहणाऱ्यांना तिची आठवण करून देण्यात रस नसतो.

त्याहून अवघड असतो तो निर्णयाचा क्षण. समांतर चाचणीत जुन्या प्रोग्रॅमने एका खात्यावर एक रक्कम दिली आणि नव्याने दुसरी. नियमाने पाहिले तर नव्याचे उत्तर अधिक शुद्ध आहे. जुने उत्तर कोऱ्या रकान्याला शून्य मानण्याच्या सवयीतून आलेले आहे. पण त्या खातेदाराला तीस वर्षे जुन्याच उत्तराप्रमाणे पैसे मिळत आले आहेत. कदाचित मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तसेच अभिप्रेत होते, कदाचित नव्हते. हा प्रश्न प्रोग्रॅमरचा नाही. तो विमा योजनेच्या अटी जाणणाऱ्याचा, बँकेच्या विधी विभागाचा, प्रसंगी नियामकाचा आहे. प्रकल्पाच्या तक्त्यात मात्र त्याची नोंद ‘दोष क्रमांक अमुक, मुदत शुक्रवार’ अशी होते आणि मुदत गाठायची म्हणून एखादा कनिष्ठ अभियंता नव्या प्रोग्रॅममध्ये जुन्यासारखे उत्तर येईल अशी एक ओळ घालून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसरे काही विचारण्याची सोयच ठेवलेली नसते.

इतकी यातायात करण्यापेक्षा कोबोलच फेकून द्यावे आणि सारे नव्याने लिहावे, असा मतप्रवाह संचालक मंडळांत लोकप्रिय आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेत बेरोजगार भत्त्यासाठी आठवड्याला ६० लाखांहून अधिक नवे अर्ज आले, तेव्हा न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली आणि या भाषेची जगभर थट्टा झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याचा, सहा कोटींहून अधिक ओळींचा सांगितला जाणारा, कोबोलचा डोलारा काही महिन्यांत दुसऱ्या भाषेत नेण्याचा बेत असल्याचे वृत्त ‘वायर्ड’ने दिले. २०२३ पासून खुद्द आयबीएमही कोबोलचे जावात रूपांतर करण्यास मदत करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन विकते. ही साधने संहिता वाचतात, तिचा अर्थ सांगतात आणि त्यात ती चांगली मदत करतात, हे मान्य करावे लागेल. पण रकान्यातील तीन रिकाम्या जागा संहितेत नसतातच. त्या फाइलमध्ये असतात. दुभाषी बदलताना जी अडचण एका ठिकाणी येते, ती भाषा, यंत्र आणि डेटाबेस असे सारेच एकदम बदलताना सगळीकडून येते. मग फरक नेमका कशामुळे पडला हे शोधणेही कठीण होते.

सारे एकदम बदलण्याचे मोल ब्रिटनमधील टीएसबी बँकेने मोजले. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी तिने आपल्या सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती लॉइड्स बँकेच्या जुन्या प्रणालीवरून सबाडेल या स्पॅनिश मालकाच्या नव्या प्रणालीवर नेली. खात्यांतील माहिती तिकडे पोहोचली, पण नवी प्रणाली कोलमडली आणि १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पायउतार व्हावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. मात्र छोटा बदल निर्धोक असतो, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने जून २०१२ मध्ये बदलली होती ती केवळ रात्रीची कामे क्रमाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. अडचण दिसताच तिने नवी आवृत्ती काढून जुनी परत बसविली. पण तसे करण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते आणि घोटाळा उडाला तो तेथे. ६५ लाख ग्राहकांना झळ पोहोचली आणि २०१४ मध्ये ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड झाला. कम्पायलर बदलणाऱ्यांनी टीएसबीपेक्षा या प्रकरणाचा अभ्यास अधिक करावा. नव्या प्रोग्रॅमने एका रात्री हजारो खात्यांवर वेगळे आकडे लिहिले, तर जुना प्रोग्रॅम परत आणल्याने ते आकडे परत येत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हा कम्पायलर-स्थलांतराचा मोठा गुण आहे. त्यात ‘परिवर्तन’ असा भारदस्त शब्द वापरण्याजोगे काही नाही, वार्षिक अहवालात छापण्याजोगेही नाही. पण आपल्या फाइलींत नेमके काय पडले आहे हे यानिमित्ताने तपासून घेणारी संस्था पुढे जावाकडे वळो वा कोबोलमध्येच राहो, दोन्हीकडे तिला ती माहिती उपयोगी पडते. ज्या संस्था हे काम केवळ आवृत्तीचा आकडा बदलण्यापुरते करतात त्यांचा मार्ग ठरलेला आहे. जुन्या सवयी सांभाळणारा पर्याय चालू करायचा, चाचणी हिरवी झाली की प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामावर सोडायचे. हा पर्याय तात्पुरता समजावा आणि माहिती शुद्ध करून घ्यावी, असा आयबीएमचा सल्ला आहे. तो काढून टाकण्याची तारीख मात्र प्रकल्पाच्या आराखड्यात कोणी लिहीत नाही. काम पूर्ण झाल्याचे पत्र निघते, हिंजवडीतील संघ दुसऱ्या ग्राहकाच्या कामाला लागतो आणि त्या पाच अंकी रकान्यातील तीन रिकाम्या जागा पुढच्या महिनाअखेरीस पुन्हा शून्य म्हणून मोजल्या जातात.